‘जमा’

महाविद्यालयात असताना दुकानाच्या गल्ल्यातून न विचारता पैसे घेऊन मी डॉ. जयंत नारळीकरांचा ‘यक्षांची देणगी’ हा विज्ञानकथासंग्रह आणला. वडील रागावले नाहीत. त्यांनी रोजकीर्दीत ती रक्कम माझ्या नावे मांडली. बँकेतील पहिल्या पगारातून मी ती फेडली, तेव्हा त्यांनी पुस्तकाच्या पहिल्या पानावर ‘जमा’ असे लिहिले.

पुढे पुण्यातील एका ग्रंथदालनात नारळीकर वाचकांना स्वाक्षरी देणार असल्याचे समजले. तीच जीर्ण प्रत घेऊन मी रांगेत उभा राहिलो. आपल्या नावाचे वजन पडू नये म्हणून १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने कथा पाठवणारा हा लेखक! त्यांना वडिलांची हकिकत सांगायची होती. समोर जाताच शब्द सुचेनात. त्यांनी ‘जमा’ या अक्षरांकडे क्षणभर पाहिले आणि खाली शांतपणे सही केली.

नोकरीत मी हजारो सह्या पडताळल्या. मागून घेतली ती ही एकच. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले. वडील तर केव्हाच गेलेले. त्या रात्री ते पान पुन्हा उघडले. नावाच्या बळावर काही घेऊ नये, हे दोघांनीही मला आपापल्या परीने शिकवले होते.