पाण्याच्या चालीने : ज्वालापूर ते रुडकी

घाटातला रस्ता चढतो, उतरतो, दमवतो. कालव्याकाठची वाट तशी नसते. पाण्याला चढ चढता येत नाही, म्हणून त्याच्या काठची वाटही चढ टाळत जाते. लहानथोर सगळ्यांनी मिळून सायकलवर निघायचे असेल, तर अशी वाट शोधावी. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तेच केले. हरिद्वारजवळच्या ज्वालापूरपासून रुडकीपर्यंत, गंगेच्या कालव्याच्या काठाने, सुमारे ३० किलोमीटर. कुणी म्हणेल, एवढे अंतर तर तासा-दोन तासांत होईल. आम्ही त्याला मुद्दाम दोन दिवस दिले.

आम्ही पाच जण होतो. आम्ही दोघे पेशाने शिक्षक, अकरावीतली मुलगी, पाचवीतला धाकटा आणि मुलांची मोठी फुफी, म्हणजे आमच्या आपा. आपांचे वय ५४. लग्नाआधी त्या सायकलवर शाळेत जात असत. त्यानंतर हँडलला हात लागला नव्हता. आमच्या शाळेत दरवर्षी हेच पाहतो. आठवीत मुलीला सायकल मिळते, कधी सरकारी योजनेतून, कधी अब्बांच्या पगारातून. दहावी झाली की ती सायकल भावाकडे जाते आणि दूध, पाव आणायला वापरली जाते. मुलीला कुणी मनाई केलेली नसते, ‘चालव’ असेही कुणी म्हणत नाही. आमच्या मुलीची सायकलही वर्षभर जिन्याखाली उभी होती. या सफरीमागे ते एक कारण होतेच.

ज्वालापूरच्या एका सायकल दुकानदाराने दोन दिवसांसाठी पाच सायकली भाड्याने दिल्या. परत आणण्याची सोयही त्याने केली. रुडकीहून ‘छोटा हाथी’ टेम्पोत त्या येणार होत्या. आपांसाठी त्याने बिनदांडीची सायकल काढली, सीट खाली घेतली आणि म्हणाला, ‘बाजी के पैर जमीन पर टिकने चाहिए.’ नियम आम्ही दोनच ठरवले. पहिला, जो सर्वांत हळू तो सर्वांत पुढे. दुसरा, पाण्याच्या बाजूने कुणीही चालवायचे नाही. हा दुसरा नियम फार महत्त्वाचा. कालवा वरून संथ दिसतो, पण त्याची ओढ जबर असते, आणि कित्येक ठिकाणी कठडा नाही.

या कालव्याला तिकडे ‘नहर’ म्हणतात आणि काठच्या रस्त्याला ‘पटरी’. दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास साफसफाईसाठी पाणी बंद करतात आणि दिवाळीच्या रात्री पुन्हा सोडतात. आम्ही पोहोचलो तेव्हा पाणी येऊन थोडेच दिवस झाले होते. पटरीवर कुठे डांबर होते, कुठे खडी-माती. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला ऊस आणि सरळसोट पॉपलरची झाडे. वाटेत गुऱ्हाळ लागले. तिथे ताजा गरम गूळ खाल्ला आणि अर्धा तास तिथेच गेला. आपा पुढे, मागे धाकटा, मग बाकीचे, अशी आमची रांग होती. पहिले दोन-तीन किलोमीटर आपांचे हँडल थरथरत होते. नंतर त्या मागे वळून न पाहता बोलू लागल्या, तेव्हा हात बसला हे आम्हांला कळले.

हा कालवा झाला तो एका दुष्काळानंतर. १८३७-३८ मध्ये गंगा-यमुनेच्या दोआबात भीषण दुष्काळ पडला. सुमारे ८ लाख माणसे गेली असे मानतात. त्यानंतर प्रोबी कॉटली या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने कालव्याचा आराखडा मांडला. तो मूळचा तोफखान्यातला माणूस. सहा महिने पायी आणि घोड्यावर फिरून त्याने जमिनीची मापे स्वतः घेतली. १८४२ मध्ये खोदाई सुरू झाली आणि ८ एप्रिल १८५४ रोजी कालव्यात पाणी सोडले. हरिद्वारहून निघालेले हे पाणी अलीगढच्या बाजूला दुभंगते; एक फाटा कानपूरकडे जातो, दुसरा इटाव्याकडे.

खरी मौज पहिल्या ३० किलोमीटरमध्येच आहे. डोंगरातून येणारे पावसाळी ओढे इथे कालव्याला आडवे येतात, आणि प्रत्येकासाठी वेगळी युक्ती केली आहे. रानीपूर आणि पथरी या दोन ओढ्यांना कालव्याच्या डोक्यावरून नेले आहे. वर ओढा, खाली कालवा. हिवाळ्यात ओढ्यात नुसती वाळू असते, त्यामुळे रचना नीट दिसते. पुढे धनौरीला रतमऊ नदी कालव्याच्याच पातळीवर येते. तिथे दरवाजे आहेत. पूर आला की ते उघडून पुराचे पाणी पलीकडे काढून देतात. आणि रुडकीजवळ सोलानी नदीवर उलटा प्रकार आहे : खाली नदी, वरून कालवा. धाकट्याने वहीत तिन्ही प्रकारांची चित्रे काढली. हा धडा आम्ही वर्गात फळ्यावर शिकवला असता तर मुलांना जांभया आल्या असत्या. गाडीतून गेलो असतो तर यातले काहीच दिसले नसते.

धनौरीच्या अलीकडे जोहरची वेळ झाली. वुजूसाठी कालव्यात उतरण्याचा प्रश्नच नव्हता. रस्त्याकाठी हापसा होता. वाहत्या पाण्याशेजारी बसूनही वुजूत पाणी उधळू नये, ही शिकवण आपल्या घराघरांत दिली जाते. दुष्काळातून जन्मलेल्या कालव्याच्या काठावर ती अधिक पटते. हे पाणी आपल्या पुढून वाहत असले तरी पुढच्या शेकडो गावांच्या हिश्श्याचे आहे. मुसाफिर म्हणून चारऐवजी दोन रकात फर्ज अदा केले. पॉपलरच्या सावलीत चादर अंथरून डबे उघडले.

संध्याकाळी पिराने कलियरला पोहोचलो. हजरत अलाउद्दीन साबिर यांचा दर्गा या कालव्याकाठच्या गावात आहे. रबीउलअव्वलमध्ये इथे मोठा उर्स भरतो. तेव्हा सायकल तर सोडाच, पाय ठेवायलाही जागा नसते. आम्ही गेलो तेव्हा गर्दी बेताची होती. फातेहा पढून अंगणात बसलो. साबिर हे बाबा फरीद यांचे भाचे. मामांनी त्यांच्याकडे लंगर वाटण्याचे काम सोपवले. बारा वर्षे त्यांनी लोकांना वाढले, पण स्वतः त्यातले खाल्ले नाही, कारण ‘तूही खा’ असे कुणी सांगितले नव्हते. म्हणून त्यांना साबिर, सब्र करणारा, म्हणू लागले, अशी आख्यायिका आहे.

मुलीने ही गोष्ट पहिल्यांदाच ऐकली. आपा थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘सब्र खरंच मोठी गोष्ट आहे. पण वाढणाऱ्याला जेवायला बस म्हणणारंही कुणीतरी घरात हवं.’

त्या कशाबद्दल बोलत होत्या ते आम्हांला कळले. तीस वर्षे त्यांनी सगळ्यांना वाढले. शेवटी स्वतः जेवल्या. त्यांची सायकल कुणी हिसकावली नव्हती, फक्त ‘तुम्हीही चालवा’ असे कुणी म्हटले नव्हते. मुलीने त्यांच्याकडे पाहिले आणि उद्या आपणच त्यांच्यामागे राहणार, असे जाहीर केले.

दुसऱ्या दिवशी फज्रनंतर, धुके जरा विरल्यावर निघालो. रुडकी तिथून आठेक किलोमीटर. सोलानीपाशी आलो की कालवा जमिनीपासून उंच उचललेला दिसतो. दोन्ही बाजूंना बांध, खाली शेते, आणि नदीच्या पात्रावर ५० फुटी १५ कमानी. दोन्ही टोकांना दगडी चौथऱ्यांवर सिंह बसले आहेत. या बांधासाठी माती वाहायला डिसेंबर १८५१ मध्ये इथे वाफेचे इंजिन चालवले होते. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली १६ एप्रिल १८५३ रोजी, म्हणजे त्यानंतर. कालव्यासाठी जाणकार माणसे तयार व्हावीत म्हणून १८४७ मध्ये रुडकीत अभियांत्रिकीचे महाविद्यालय निघाले; आजची आयआयटी रुडकी ती हीच. अकरावी सायन्सच्या मुलीने तिच्या फाटकासमोर सायकल थांबवली आणि बराच वेळ आत पाहत राहिली.

कुणाला जायचे असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. श्रावणात कावड यात्रेकरू याच पटरीने जातात. तेव्हा वाट त्यांची. दसरा ते दिवाळी कालवा कोरडा असतो. पहाटे धुके असेल तर ऊन पडेपर्यंत थांबावे. उसाची ट्रॉली आली की खाली उतरून शेताच्या बाजूला उभे राहावे. पाण्यात पाय सोडून बसण्याचा मोह मुलांना होऊ देऊ नये.

आणि इतके दूर जाणे जमणार नसेल, तर आपल्याकडेही नीरेचे, मुठेचे, प्रवरेचे, गोदावरीचे कालवे आहेत. त्यांच्या काठाने देखभालीचे रस्ते आहेत. पाटबंधारे खात्याच्या जवळच्या कार्यालयात विचारून, परवानगी असेल तिथे, एखाद्या रविवारी सकाळी पाच-सात किलोमीटर जाऊन यावे. जो सर्वांत हळू त्याला पुढे ठेवावे. निघण्याआधी घरातल्या प्रत्येकीला विचारावे, ‘तुमची सायकल कुठे आहे?’ जिन्याखाली असेल तर हवा भरायला दहा मिनिटे लागतात.