रॉटरडॅमची रेघ आणि आमचे बांध

बऱ्याच दिवसांनी लिहीत आहे. गुडघ्याचे निमित्त सांगता येईल, पण खरे कारण वेगळे आहे. हा विषय लिहावा की नाही, हेच ठरत नव्हते.

गेल्या उन्हाळ्यात धाकट्या लेकीकडे हॉलंडला दोन महिने राहून आलो, हे नातेवाइकांना ठाऊक आहेच. एका रविवारी नातू मला रॉटरडॅम दाखवायला घेऊन गेला. चालता चालता थांबून म्हणाला, "आजोबा, खाली बघा." फुटपाथमध्ये एक गोल दिवा बसवला होता, त्यावर ज्वाळेची खूण. थोड्या अंतरावर दुसरा, मग तिसरा. १४ मे १९४० रोजी जर्मन विमानांनी शहराचा मध्यभाग बेचिराख केला. तेव्हा आग जिथपर्यंत पोचली, तिथपर्यंतची सीमारेषा त्यांनी अशी जमिनीवर आखून ठेवली आहे. सुमारे ८५० माणसे गेली, ऐंशी हजारांच्या आसपास बेघर झाली.

मी वर्गात भूगोल शिकवताना रॉटरडॅम म्हणजे मोठे बंदर, एवढेच सांगत असे. बाकीचे आता वाचले. बॉम्बहल्ल्याला चार दिवस होतात न होतात तोच विटेवेन नावाच्या नगररचनाकाराकडे नव्या शहराचे काम दिले गेले. जळालेल्या भागातली सगळी खाजगी जमीन ताब्यात घेतली. पुढे त्याचा आराखडा बाजूला पडला आणि १९४६ मध्ये व्हान त्रा यांचा मंजूर झाला. जुन्या गल्ल्या गेल्या, रुंद रस्ते आले. १९५३ मध्ये लाइनबान नावाची बाजारपेठ उघडली. तिथे गाडीला मज्जाव, फक्त पायी चालायचे. जगभरचे लोक ती बघायला येत. मात्र जमीन घेतली तरी जुन्या मालकांना नव्या आराखड्यात दुसरीकडे भूखंड मिळण्याची तरतूद होती.

हे शेवटचे वाक्य वाचले आणि मी चष्मा काढून ठेवला.

कारण मंडळी, आमच्या उरण-पनवेलकडेही एक शहर आखले गेले. तिथे बॉम्ब पडला नव्हता. तिथे भातशेती होती, मिठागरे होती. खाडीचे पाणी बांध घालून अडवायचे, उघाडीतून सोडायचे आणि खाऱ्या जमिनीत भात पिकवायचा, हे आमच्या आगरी शेतकऱ्याला डच माणसाने शिकवावे लागले नव्हते. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 'मार्ग' नियतकालिकात कल्पना मांडली की मुंबईची गर्दी खाडीपलीकडे न्यावी. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. ९५ गावांची जमीन, ३४४ चौरस किलोमीटरचा परिसर. सरकारने जमीन घ्यायची, विकसित करून विकायची आणि त्याच पैशातून शहर उभारायचे. कागदावर कल्पना सुंदर होती. मला तर फारच आवडली होती.

मी तेव्हा उरण तालुक्यातल्या एका गावात नवाच शिक्षक होतो. वर्गात फळ्यावर नव्या शहराचा नकाशा काढत असे. एका संध्याकाळी एका विद्यार्थ्याचे वडील नोटीस घेऊन आले. त्यांना वाचता येत नव्हते. "गुरुजी, काय करू?" मी नोटीस वाचून दाखवली आणि म्हटले, "सरकारी काम आहे, चांगलंच होईल. भांडत बसू नका. सही करा, पैसे घ्या, पोरांना शिकवा."

त्यांनी ऐकले. गावात गुरुजींचा शब्द होता ना!

१८९४ च्या भूसंपादन कायद्यात एक बारीक अट होती. मोबदला घेताना 'अंडर प्रोटेस्ट', म्हणजे हरकत राखून घेतो आहे असे नोंदवले, तरच वाढीव मोबदल्यासाठी न्यायालयात जाता येई. मला ती माहीत नव्हती. माहीत नाही हेही माहीत नव्हते. शेजारच्या घराने हरकत नोंदवली. त्यांना बऱ्याच वर्षांनी का होईना, वाढीव रक्कम मिळाली. माझ्यावर विश्वास ठेवणाऱ्याला नाही.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. जासईला त्यांचे स्मारक आहे. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. रॉटरडॅमच्या मालकांना जे आधीच ठरवून मिळाले, ते आमच्याकडे रक्त सांडून मिळाले. त्या घरालाही भूखंड मिळाला, पण तोवर वडील गेले होते.

तो विद्यार्थी आता साठीला आला आहे. दिवाळीनंतर मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला. चहा झाल्यावर मी पन्नास वर्षांचे ते ओझे एकदाचे बोलून टाकले. तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "गुर्जी, जमीन तर जाणारच होती. तुमच्यामुळे नाही गेली. पण आबा भांडले नाहीत, ते तुमच्यामुळे."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच ते जास्त लागले. निघताना मात्र वाकून पाया पडला, आणि "लग्नाला यायचंच" असे दोनदा बजावून गेला.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. पुढच्या वेळी लेकीकडे तिथूनच जावे, असे घरात चालले आहे. सोयीचे आहे, नाही कशाला म्हणू? शहर वाईट झाले असे मी म्हणत नाही. माझे कितीतरी विद्यार्थी तिथेच नोकरीला लागले, तिथेच स्थिरावले. फक्त वाटते, जुना बांध कुठवर होता, उघाडी कुठे होती, हे सांगणारी एखादी रेघ, चार दिवे आपल्याही रस्त्यात असायला हवे होते.

ते काही माझ्या हातात नाही. माझ्या हातात खडू होता, आणि आता हा कीबोर्ड आहे. म्हणून लिहून ठेवले. तुमच्यापैकी कोणाला आपल्या गावचे बांध, खारी, उघाड्या यांची नावे आठवत असतील, तर जरूर लिहून कळवा. मी वहीत उतरवून घेतो आहे.

लग्नाला अर्थातच जाणार आहे.