सिपदानचा कडा

सिपदानच्या किनाऱ्यावरून पाण्यात उतरलं की थोड्याच अंतरावर समुद्राचा तळ संपतो. उतार नाही, टप्पे नाहीत. कंबरभर पाण्यात पांढरी वाळू, मग प्रवाळांचा एक पट्टा, आणि त्याच्या कडेला फिकट पोपटी पाणी एकदम गर्द निळं होतं. तिथून समुद्र सरळ सहाशे मीटर खाली जातो. कोकणकड्याच्या टोकाशी पालथं पडून खाली डोकावताना पोटात जो गोळा येतो, तोच इथेही आला. तिथे आपण मागे सरकतो. इथे मात्र टोक ओलांडून पुढे जायचं असतं. मी ओलांडलं आणि पडले नाही. खाली काळोख, वर थरथरणारा सूर्य, शेजारी उभी भिंत आणि अधांतरी मी!

बोर्निओच्या उत्तर भागातलं साबा हे मलेशियाचं राज्य. तिथल्या सेम्पोर्ना या बंदरगावातून स्पीडबोट निघते आणि माबुलसारखी उथळ पाण्यातली बेटं मागे टाकत सिपदानला पोचते. ही शेजारची बेटं खंडाच्या उथळ मंचावर बसली आहेत. सिपदान मात्र थेट सेलेबीस समुद्राच्या तळातून उठलेलं. विझलेल्या ज्वालामुखीचा सुळका आणि त्यावर हजारो वर्षं प्रवाळांनी रचलेलं हे बेट जेमतेम १३ हेक्टरांचं. उतरल्या उतरल्या नाव नोंदवायचं. बंदूकधारी सैनिक दिसतात, कारण २००० साली इथून २१ जणांचं अपहरण झालं होतं. पण पाण्यात शिरेपर्यंतच त्यांची आठवण राहते.

डायव्हिंग मी तारकर्लीला शिकले. तिथल्या पाण्यात जेवढं दिसलं तेवढ्यावर खूश होण्याची सवय लागली होती. इथे नजर जाईल तिथवर भिंत दिसत होती आणि तिच्यावर बोटभरही जागा मोकळी नव्हती. स्पंज, मऊ प्रवाळ, आणि पंख्यासारखे पसरलेले समुद्रपंखे. खोल गेलं की पाणी लाल रंग आधी गिळतं, म्हणून हे पंखे मळकट तपकिरी दिसतात. आमच्या डाइव्ह मास्टरने एकावर टॉर्चचा झोत टाकला आणि तो तपकिरी पंखा कुंकवासारखा लाल झाला. प्रत्येक काडीवर इवले इवले पांढरे जीव तोंड उघडून प्रवाहातलं अन्न वेचत होते. झोत हलला आणि पंखा पुन्हा मळकट झाला. मी श्वास सोडायचा विसरले असावे, कारण डाइव्ह मास्टरने माझ्याकडे बघून हाताने ‘श्वास घे’ अशी खूण केली.

भिंतीतल्या एका कपारीत हिरवं कासव झोपलं होतं. पाठीवर शेवाळ, आणि ते शेवाळ टिपणारे चिमुकले मासे. मी हातभर अंतरावर थांबले. त्याने जड पापणी उचलली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटली. माणसाला न घाबरणारा जंगली प्राणी इतक्या जवळून मी कधीच पाहिला नव्हता.

हे बेट मलेशियाचं ठरलं, त्यात या कासवांचाही वाटा आहे. सिपदान आणि लिगितान या दोन बेटांवर इंडोनेशियाचाही दावा होता. वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. जुने करार आणि नकाशे यांवरून निवाडा होईना. मग प्रत्यक्षात इथला कारभार कोण पाहत होतं, ते तपासलं गेलं. तेव्हा पुढे आला ब्रिटिश अमदानीतला १९१७चा कासवरक्षणाचा कायदा, कासवाची अंडी गोळा करण्याचे परवाने, १९३३ साली सिपदानवर घोषित झालेलं पक्षी अभयारण्य आणि साठच्या दशकातले दीपस्तंभ. डिसेंबर २००२मध्ये १६ विरुद्ध १ मतांनी निकाल मलेशियाच्या बाजूने लागला. एका बेटाचं राष्ट्र कासवाच्या अंड्यांच्या हिशेबावरून ठरावं, हे मला त्या कड्याइतकंच अचाट वाटतं.

बेटाजवळच्या बराकुडा पॉइंट या जागी प्रवाह जोरात होता. समोर चंदेरी धुकं असावं तसं काही दिसलं. जवळ गेल्यावर ते शेकडो बराकुडा निघाले. एकामागे एक, गोल गोल, खालून वरपर्यंत फिरणारा माशांचा स्तंभ. आम्ही खालून वर पाहत राहिलो. सूर्य त्या भोवऱ्याच्या मधोमध.

मग आवाज आला. फरशी फोडल्यासारखा. कपाळाला टेंगूळ असलेले पोपटमासे कळपाने प्रवाळ चावत येत होते. एकेक मासा मीटरभराहून लांब. जबड्याने प्रवाळ फोडायचं, त्यातलं अन्न घ्यायचं आणि उरलेला चुरा मागे सोडायचा. असा एक मोठा मासा वर्षाला पाच टनांहून अधिक प्रवाळ कुरतडतो, असं अभ्यासकांनी मोजलं आहे. मागे पडणारी ती पांढरी धार मी डोळ्यांसमोर पाहिली. दुपारी डबे उघडून आम्ही ज्या वाळूवर बसलो, तिच्यातलीही काही अशीच तयार झालेली.

हे सगळं टिकलं आहे कारण माणसं मोजून सोडली जातात. १९८९ साली समुद्रसंशोधक झाक कूस्तोच्या माहितीपटाने सिपदान जगाला माहीत झालं आणि बेटावर रिसॉर्टांची गर्दी झाली. २००४ अखेर ती सगळी हलवली गेली. तेव्हापासून रात्रीचा मुक्काम बंद आहे आणि दिवसाला ठरावीक परवानेच मिळतात. आधी ते १२० होते, पुढे वाढवले गेले. ती वाढ मला पटत नाही. २००६ साली बांधकामाचं सामान आणणारा एक बार्ज प्रवाळांवर चढला आणि जे घडायला शतकं लागली ते चिरडून गेला. जिथे एवढ्याने एवढं जातं, तिथे आकडा खाली यायला हवा. पुन्हा यायचं माझ्या मनात पक्कं आहे. पण आकडा कमी झाल्यामुळे माझाच अर्ज परत आला, तरी मला तो कमीच हवा.