खडकाच्या पोटातील पंगत

प्रवासी माणसाला वाटेवर दोन गोष्टी लागतात, पोटाला अन्न आणि पाठीला आसरा. कोकणातून घाट चढणाऱ्या वाटसरूला पूर्वी धर्मशाळेत किंवा देवळाच्या ओसरीवर हा आसरा मिळे. त्याही पूर्वी बोरघाटाच्या वाटेजवळ कार्ले आणि भाजे येथील डोंगर कोरून भिक्षूंसाठी लेणी घडविली गेली आणि त्यांसाठी व्यापाऱ्यांनी द्रव्य दिले. खडक फोडून माणसाला राहण्याजोगी जागा करावी ही कल्पना कोणा एका देशाची मिरासदारी नव्हे. इंग्लंडच्या मध्यभागी ट्रेंट नदीच्या काठी वसलेल्या नॉटिंगहॅम नगरात याचा प्रत्यय चांगलाच येतो.

हे नगर मऊ वालुकाश्मावर उभे आहे. साध्या हत्यारांनी खोदता येईल आणि तरीही खोदल्यावर ढासळणार नाही, असा हा दगड. आल्फ्रेड राजाचे चरित्र लिहिणाऱ्या अॅसर नावाच्या धर्मोपदेशकाने सन ८९३ च्या सुमारास या स्थानाचा उल्लेख केला आहे. जुन्या ब्रिटन लोकांच्या भाषेत याला 'गुहांचे ठिकाण' म्हणतात, असे त्याने लिहून ठेवले. आज या शहराखाली आठशेहून अधिक मानवनिर्मित गुहांची नोंद झालेली आहे. त्यांत कोणी कातडी कमावली, कोणी मद्य साठविले, आणि सन १९४१ च्या बॉम्बवर्षावात नागरिकांनी त्यांतच जीव मुठीत धरून रात्री काढल्या.

शहराच्या एका अंगाला कॅसल रॉक हा उभा कडा आहे. विल्यम राजाने सन १०६८ मध्ये त्याच्या माथ्यावर किल्ला बांधविला. कड्याच्या पोटातून एक भुयार वर जाते. सन १३३० मध्ये तरुण तिसऱ्या एडवर्डची माणसे अशाच गुप्त वाटेने किल्ल्यात शिरली आणि त्यांनी रॉजर मॉर्टिमरला कैद केले, म्हणून त्या भुयाराला मॉर्टिमरचे नाव पडले. याच कड्याच्या पायथ्याशी, अर्धी भिंतींत आणि अर्धी खडकात, एक पांढरी इमारत चिकटून उभी आहे. तिचे नाव 'यी ओल्ड ट्रिप टू जेरुसलेम'. ही खाणावळ आहे, मद्यालय आहे, आणि परगावचा पाहुणा किल्ल्याइतक्याच उत्सुकतेने पाहावयास जातो असे त्या नगराचे भूषणही आहे.

इमारतीच्या भिंतीवर ठळक अक्षरांत सन ११८९ लिहिलेले आहे. हे सिंहहृदयी रिचर्डच्या राज्यारोहणाचे वर्ष होय. जेरुसलेमच्या धर्मयुद्धास निघालेले योद्धे येथे क्षणभर विसावले, अशी आख्यायिका सांगतात, आणि 'ट्रिप' या शब्दाचा जुना अर्थ प्रवास नसून प्रवासातील मुक्काम असा होता, असेही सांगतात. इतिहासाचे अभ्यासक मात्र मान हलवितात. ११८९ च्या खाणावळीचा कागदोपत्री पुरावा नाही, आज दिसणारी इमारत सतराव्या शतकाच्या मध्याच्या सुमाराची आहे, आणि पूर्वी तिचे नाव 'पिल्ग्रिम' म्हणजे 'यात्रेकरू' असे होते. याच शहरातील 'बेल' आणि 'सॅल्युटेशन' या दोन खाणावळीही ज्येष्ठतेचा मान मागतात. परंतु मागच्या गुहा खऱ्याच जुन्या आहेत. किल्ल्यासाठी तेथे मद्य गाळीत, आणि त्या आवाराला आजही ब्रूहाउस यार्ड असेच म्हणतात. तेव्हा भिंतीवरचे वर्ष सिद्ध होत नसले तरी भिंतीमागचा खडक खोटे बोलत नाही.

अशा या स्थळी एका ऑक्टोबर महिन्यात मॉरिशसहून आलेले एक वृद्ध गुरुजी आपल्या नातीबरोबर जेवावयास गेले. व्हाक्वा गावी त्यांनी जन्मभर प्राथमिक शाळेत मराठी शिकविले होते. नॉटिंगहॅम हे नाव त्यांना लहानपणापासून परिचयाचे होते. ज्या रॅले सायकलवरून ते उसाच्या मळ्यांमधून शाळेला जात, ती याच नगरात घडविलेली होती. नगरातील त्या कारखान्यात सांगाडे बनविण्याचे काम सन १९९९ मध्ये थांबले, हे ऐकून त्यांना एखाद्या जुन्या सहकाऱ्याची निधनवार्ता कळावी तसे वाईट वाटले. नात तेथील विद्यापीठात शिकत होती. शिष्यवृत्तीतून वाचविलेल्या पैशांत आजोबांना एकदा चांगले जेवू घालावे, ही तिची इच्छा.

उंबरठ्यापाशी गुरुजी जरा घुटमळले. आयुष्यात त्यांनी मद्याला स्पर्श केलेला नव्हता. मळ्यावरच्या कित्येक घरांची मजुरी उसाच्या दारूत बुडालेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. नात म्हणाली, "आजोबा, येथे लोक मुलाबाळांना घेऊन जेवायला येतात. तुम्ही पाणी प्या." ते हसले आणि आत शिरले.

वरच्या मजल्यावर खडकात कोरलेले एक दालन आहे. भिंती ओबडधोबड, रंगाने पिवळसर तांबूस, आणि छत अरुंद होत होत वर अंधारात गेलेले. गुरुजींनी तळहात भिंतीवर ठेवला, तेव्हा वाळूचे चार कण बोटांना लागले. येथील रीत अशी की, वाढपी येऊन विचारीत नाही. आपणच फळीपाशी जाऊन मेजाचा क्रमांक सांगावयाचा, पदार्थ सांगावयाचे आणि पैसे आधी मोजावयाचे. गोमांसाचे पदार्थ टाळून नातीने तळलेली मासळी, बटाट्याचे काप आणि शिजवून घोटलेले वाटाणे मागितले. "नाव नाही विचारले?" गुरुजींनी पृच्छा केली. "नाही आजोबा, क्रमांक पुरतो," ती सहज म्हणाली. गुरुजी काही बोलले नाहीत, परंतु त्यांचा हात कोटाच्या आतल्या खिशाकडे गेला.

ताटे आली. कोकणी माणसाच्या पिढ्या मासळीवर वाढलेल्या, त्यामुळे त्या पदार्थाशी ओळख पटण्यास वेळ लागला नाही. वाटाण्यांची ओळख तर आदल्याच दिवशी झाली होती. दर ऑक्टोबरात या नगरात गूज फेअर नावाची जत्रा भरते, आणि तिला सातशेहून अधिक वर्षांची परंपरा आहे. त्या जत्रेत वाटाण्यांवर पुदिन्याचे आंबटगोड पाणी घालून खाण्याची प्रथा आहे. "इतक्या दूर येऊनही पुदिना सुटला नाही," असे म्हणून गुरुजींनी तेथे दोन वाट्या संपविल्या होत्या.

त्या दालनात एका जुन्या गलबताची लाकडी प्रतिकृती आहे. ज्यांनी ज्यांनी तिच्यावरची धूळ पुसली ते लवकरच मृत्यू पावले, अशी वदंता असल्यामुळे तिला कोणी हात लावीत नाही, आणि धुळीची पुटे चढलेले ते गलबत काचेआड ठेवलेले आहे. नातीने ही हकीकत सांगितली तेव्हा गुरुजी बराच वेळ त्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "आपल्याही घरात असे एक गलबत आहे, पोरी. त्याची धूळ आज पुसावयाची आहे."

त्याचे कारण असे. मॉरिशसमध्ये दोन नोव्हेंबर हा करारबद्ध मजुरांच्या आगमनाचा स्मृतिदिन पाळला जातो. सन १८३४ मध्ये याच दिवशी 'अॅटलास' जहाजाने छत्तीस मजूर पोर्ट लुईस बंदरात आणले. त्यानंतरच्या ऐंशी-नव्वद वर्षांत सुमारे साडेचार लक्ष भारतीय त्या बेटावर उतरले, आणि त्यांपैकी मुंबई इलाख्यातून गेलेल्यांत रत्नागिरीकडील मंडळी बरीच होती. विद्यापीठातील मॉरिशसच्या विद्यार्थ्यांनी या दिवशी एक छोटी सभा योजिली होती आणि तीत नातीने आपल्या पूर्वजांविषयी बोलावयाचे होते. घरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली कथा तिने लिहूनही काढली होती. ती कथा अशी की, मूळ पुरुष मराठ्यांच्या दरबारी सरदार होता, कोणाशी तरी बिनसले म्हणून तो समुद्र ओलांडून स्वेच्छेने निघाला, आणि इतर मजुरांशी त्याचा काही संबंध नव्हता.

गुरुजींनी खिशातून घडी केलेले दोन कागद काढले. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत स्थलांतरितांची दफ्तरे जतन केलेली आहेत. तेथून मिळालेली नोंद पहिल्या कागदावर होती. सहा आकडी क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, उंची, डाव्या भुवईवर व्रण, जिल्हा रत्नागिरी, जहाजाचे नाव, आणि ज्या मळ्यावर पाठविले त्याचे नाव. व्यवसाय मजुरी. मजुरांची छायाचित्रे काढण्याचा प्रघात पुढे पडला, म्हणून चेहरा नाही, केवळ भुवईवरचा व्रण आहे. दुसरा कागद त्याच्या मुलाच्या जन्मनोंदीचा होता. त्यात बापाचा धंदा लिहिला होता, 'सरदार'.

नातीला क्षणभर अर्थ लागला नाही. मग लागला. मळ्यावरील वीस-पंचवीस मजुरांच्या टोळीच्या मुकादमाला तेथे सरदार म्हणत. दरबारी सरदार नव्हता असे नव्हे, दरबारच नव्हता. शब्द तोच राहिला, घराण्याच्या अभिमानाने त्याला अंगरखा आणि तलवार तेवढी चढविली.

"ही गोष्ट कोणी मुद्दाम रचली नाही," गुरुजी म्हणाले. "माझ्या आत्याने तिच्या आजीकडून 'सरदार' हा शब्द ऐकला. शाळेत शिवरायांचा इतिहास ऐकला. दोन्हींची गाठ पडली."

नातीने कागद पुन्हा वाचला आणि विचारले, "आजोबा, एक दिवस कामावर न आल्यास दोन दिवसांची मजुरी कापीत, असे आम्ही शिकलो. गैरहजेरी कोण सांगत असे? सरदारच ना?"

"होय."

"म्हणजे यांनीही आपल्याच माणसांची मजुरी कापविली असेल?"

गुरुजींनी घास हातात तसाच ठेवला. "असेल. नसेलही. एखाद्या आजाऱ्याला हजर म्हणून लिहिलेही असेल. कागद इतके सांगत नाही. जे सांगतो तेवढेच आपण सांगावे. पाच वर्षांच्या कराराने आलेला, महिना पाच रुपयांवर उसाला पाणी आणि घाम घालणारा मनुष्य पुढे टोळीचा मुकादम झाला. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही आणि फुशारकी मारण्यासारखेही काही नाही."

ती गप्प राहिली. सभेत सांगावयाच्या कथेत एक प्रकारचे संरक्षण होते. इंग्रज मित्रमैत्रिणींपुढे सरदाराची पणती म्हणून उभे राहणे सोपे, क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या मजुराची पणती म्हणून उभे राहणे कठीण. बाहेर भिंतीवर ११८९ हे वर्ष मोठ्या डौलाने मिरविले जात होते, आणि त्यावाचून कोणाचे अडत नव्हते. तिने तसे बोलूनही दाखविले. गुरुजी म्हणाले, "खाणावळीने वर्ष वाढवून सांगितले तर चार गिऱ्हाइके अधिक येतात. आपण पूर्वज वाढवून सांगितला तर खरा पूर्वज बाहेर उभा राहतो. त्याला आत घ्यावयाचे की नाही, एवढाच प्रश्न आहे."

शेवटी गोड पदार्थ आला, साखरेच्या गडद पाकात भिजलेला. मॉरिशसची साखर इंग्लंडला स्वस्त जकातीत जाऊ लागली ती सन १८२५ पासून. गुलामगिरी संपल्यावर त्या साखरेसाठीच हिंदुस्थानातून मजूर नेले गेले. अशा साखरेने येथील चहा आणि मिष्टान्ने गोड झाली. त्याच काळात नॉटिंगहॅमचा गरीब वर्गही सुखात नव्हता. हातमागावर मोजे विणणाऱ्यांनी सन १८११ मध्ये पोटाच्या आगीने यंत्रे फोडली, आणि कित्येक कुटुंबे याच वालुकाश्माच्या दमट गुहांत भाड्याने राहत. सन १८४५ च्या कायद्याने अशा गुहा राहण्यासाठी भाड्याने देण्यास बंदी घातली. त्यानंतर चारच वर्षांनी, १८४९ मध्ये, पोर्ट लुईसला मजुरांना उतरवून घेण्यासाठी ती दगडी इमारत उभारली जाऊ लागली, जिला आज आप्रवासी घाट म्हणतात आणि जी सन २००६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. नव्या मजुराला तेथे एक-दोन दिवस ठेवीत, शिधा देत, नाव लिहून घेत आणि क्रमांक देत. प्रवासातील मुक्काम या अर्थी तीही एक 'ट्रिप'च होती, परंतु तेथून पुढची वाट निवडण्याची मुभा मजुराला नव्हती.

दोन नोव्हेंबरला नातीने सभेत जी हकीकत सांगितली तीत दरबार नव्हता. तिने प्रथम क्रमांक वाचला, मग नाव वाचले, बापाचे नाव वाचले, भुवईवरचा व्रण सांगितला, आणि 'सरदार' या शब्दाचे दोन्ही अर्थ समजावून सांगितले. तो मुकादम कठोर होता की कनवाळू, हे कागदावरून कळत नाही, असेही तिने स्पष्ट सांगितले. सभा संपल्यावर एक विद्यार्थी तिच्यापाशी आला आणि आपल्याही घरात एक सरदार असल्याचे सांगून, ती दफ्तरे पाहण्यासाठी अर्ज कोठे करावा लागतो हे त्याने विचारले.

गुरुजी तोवर व्हाक्वाला परतले होते. पुढील गणेशचतुर्थीस घरी नैवेद्याचे पान मांडल्यावर त्यांनी शेजारी आणखी एक पान मांडले. सुनेने कोणासाठी म्हणून विचारले, तेव्हा त्यांनी पणजोबांचे नाव सांगितले. त्या घरात ते नाव इतक्या वर्षांत प्रथमच, कोणत्याही पदवीवाचून, उच्चारले गेले.