घरात कुणी लवकर गेलं का?

मुलुंड पूर्वेचा एक मुलगा रात्री टर्फवर क्रिकेट खेळता खेळता कोसळला आणि गेला. अंगाला झटके येत होते म्हणून मित्रांना फिट वाटली. कुणी चप्पल हुंगवली, कुणी तोंडावर पाणी मारलं. हृदय बंद पडल्यावर सुरुवातीला असे झटके येऊ शकतात, हे त्यांना कधी कुणी सांगितलंच नव्हतं. पुढच्या वर्षी त्याच मित्रांनी आणि त्याच्या आईवडिलांनी मिळून त्याच्या नावाने पहाटेची दौड ठेवली. जमलेल्या प्रवेशशुल्कातून तरुणांसाठी ईसीजी शिबिरं सुरू झाली. मी ईसीजी तंत्रज्ञ म्हणून निवृत्त झालेली, राहायला जवळच. मला बोलावलं आणि मी गेले. आता घाटकोपर, बोरिवली, अंधेरी, जिथे हॉल मिळेल तिथे जाते.

येणारी मुलं दिसायला धडधाकट असतात. गोविंदा पथकातली, कबड्डीची, पोलीस भरतीसाठी पळणारी. मुली मात्र आधी यायच्याच नाहीत. छातीवर इलेक्ट्रोड लावायचे तर कपडे सैल करावे लागतात, आणि आमचं टेबल उघड्या हॉलमध्ये! दोऱ्या बांधून जाड चादरी सोडल्या, आत फक्त बायका ठेवल्या, तेव्हा कुठे मुलींची रांग लागली. शिबिरासाठी पैसे देणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, आधी पडद्याची सोय करा, मग मशीनचं बघू.

मशीन काय सांगतं? हृदयातल्या विजेचा आलेख. क्यूटी नावाचा टप्पा लांबलेला असेल, विजेला जन्मतः आडवाट असेल, स्नायू जाड झाल्याच्या खुणा असतील, तर बऱ्याचदा कागदावर दिसतं. स्नायू जाड होण्याचा आनुवंशिक आजार साधारण पाचशेत एकाला असतो. पण हृदयाची रक्तवाहिनी जन्मतः चुकीच्या जागेहून निघाली असेल, तर विश्रांतीतला ईसीजी अगदी साधा येऊ शकतो. शिवाय रोज कसून व्यायाम करणाऱ्याचा आलेख मुळात वेगळा असतो. तो वाचायला जाणता डॉक्टर लागतो, नाहीतर चांगल्या मुलाला उगाच घोर लागतो. इटलीत १९८२ पासून स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूची तपासणी कायद्याने सक्तीची आहे. तिथल्या व्हेनेतो प्रांतात २००४ पर्यंत खेळाडूंचे हृदयामुळे अचानक होणारे मृत्यू ८९ टक्क्यांनी घटल्याची नोंद आहे. तरी सरसकट ईसीजी काढावा की नाही, यावर जगभरच्या डॉक्टरांचं एकमत नाही.

एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत आहे, ती म्हणजे घराण्याची चौकशी. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या खेळाडूंसाठीच्या चौदा मुद्द्यांत, पन्नाशीच्या आत हृदयामुळे कुणी नातलग अचानक गेला का, हा प्रश्न आहे. आमच्या अर्जावरही होता. त्यापुढे जवळजवळ प्रत्येक जण 'नाही' लिहायचा.

घाटकोपरला गोकुळाष्टमीच्या आधीच्या शिबिरात एका गोविंदानेही तेच लिहिलं होतं. आलेखात क्यूटी लांब दिसला. सोबत आजी होत्या. त्यांना विचारलं, घरात कुणी तरुणपणी गेलं का?

"ह्याचा चुलता गेला, पण तो बुडाला हो ताई. हृदयाचं काही नव्हतं."

"पोहता येत नव्हतं का त्यांना?"

"येत नव्हतं? भर पावसात नदी आरपार करायचा."

मग आत्याचंही निघालं. तिला शाळेत असल्यापासून फिट यायच्या, पळताना किंवा कुणी ओरडलं की. तिच्या गोळ्या चालू होत्या, मेंदूच्या.

लांब क्यूटीच्या एका प्रकारात पोहताना, धावताना ठोका बिघडतो. दुसऱ्या प्रकारात दचकल्यावर. पट्टीचा पोहणारा बुडतो, आणि घरचे नदीला दोष देतात. त्या मुलाला हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, बीटा ब्लॉकर सुरू झालं, थर आणि पोहणं थांबलं. मग वडील, आत्या, धाकटी बहीण यांचेही आलेख काढले. हे दोष बहुधा आई किंवा वडिलांकडून येतात आणि प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून एखादं तरुण माणूस अचानक गेलं, तर शवविच्छेदनाला नकार देऊ नका, असं मी हात जोडून सांगते. मागे राहिलेल्या भावंडांसाठी तो कागद लागतो.

शिबिराच्या शेवटी बाहुल्यावर छाती दाबायला शिकवतो. तेव्हा मी मुलांना दोन फुटबॉलपटूंची गोष्ट सांगते. गोव्याच्या डेम्पोचा क्रिस्तियानो ज्युनिअर ५ डिसेंबर २००४ ला बंगळुरूच्या मैदानात कोसळला आणि वाचला नाही. डेन्मार्कचा एरिक्सन १२ जून २०२१ ला भर सामन्यात पडला. तिथल्या तिथे छाती दाबली, विजेचा झटका दिला, आणि पुढच्या वर्षी तो पुन्हा खेळला. माणूस हाकेला ओ देत नाही, श्वास नीट नाही, की १०८ ला फोन लावायचा आणि छातीच्या मधोमध मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, पाच-सहा सेंटीमीटर खोल दाबायचं. कांदा नाही, चप्पल नाही.

अर्ज आम्ही बदलला. आता पहिलाच प्रश्न असा आहे: आईकडचं किंवा वडिलांकडचं कुणी तरुणपणी बुडून, झोपेत, फिट येऊन किंवा कारण न कळता गेलं का? अर्ज आदल्या आठवड्यात घरी पाठवतो, आजी-आजोबांना विचारून भरायला. मुलुंडच्या त्या मुलाचे वडील नोंदणीच्या टेबलावर स्वतः बसतात आणि तो रकाना रिकामा असला, तर तिथूनच घरी फोन लावायला लावतात. यंदाच्या दौडीचे पैसे त्यांनी नातलगांच्या टूडी इकोसाठी राखून ठेवले आहेत.