कुठेही थांबता येईल असं काम

प्रवासात न्यायला विणकाम किंवा हातशिलाई निवडताना बहुतेकजणी आधी आकार बघतात. पर्समध्ये मावतंय ना, मग झालं. मला हा निकष अपुरा वाटतो. लेसची शाल सुरुवातीला मुठीत मावते, पण तिच्या जवळजवळ प्रत्येक ओळीला तक्ता बघावा लागतो. जाळी कुठे पाडायची, दोन टाके कुठे एकत्र विणायचे, हे मोजावं लागतं. शेजारणीने ‘पुढचं दादर ना?’ एवढं विचारलं तरी मोजणी चुकते. म्हणून नवं काम घेताना मी आधी हे पाहते, की ते कुठल्याही टाक्यावर खाली ठेवता येईल का आणि परत उचलल्यावर आपण कुठे होतो हे नुसतं कामाकडे पाहून कळेल का. या कसोटीवर क्रोशा सहज उतरतो. सुईवर एका वेळी एकच फास उघडा असतो. तो जरा मोठा ओढून ठेवला की पिशवीत कोंबलं तरी फार तर दोन-तीन खांब उसवतील. दोन सुयांवर मात्र ओळीतले सगळेच टाके उघडे असतात. सरळ सुई निसटली की तेवढे सगळे सुटले, शिवाय गर्दीत तिची टोकं शेजारणीच्या कोपराला लागतात. केबलची गोल सुई घेतली तर टाके मधल्या केबलवर सरकवून ठेवता येतात, आणि ही अडचण बरीचशी मिटते.

पण एकाच वस्तूचे सगळे भाग सारखे नसतात, आणि निवड चुकते ती बहुधा इथे. लोकरीचा मोजा घ्या. साधारण 64 टाके घालायचे, ते कुठे पिळले गेलेले नाहीत ना हे बघून गोल जोडायचे, मग दोन सुलट-दोन उलट अशी पट्टी. यातलं टाके घालणं आणि जोडणं हे सगळ्यात नाजूक काम. तिथे पीळ राहिला तर तो पुढे काढता येत नाही, सगळं उसवावंच लागतं. हे घरी, दिव्याखाली बसून करावं. पट्टी बोटभर झाली की पुढची पायाची नळी म्हणजे नुसते सुलट टाके, फेरीमागून फेरी. ती खुशाल गाडीत विणावी. टाच आली की पुन्हा घर, कारण तिथे निम्मे टाके बाजूला ठेवून अर्धवट ओळींनी वळण घ्यायचं असतं आणि कडेचे टाके उचलायचे असतात. नळीसारखं साधं विणकाम तर चालतानाही जमतं: शेटलंड बेटांवरच्या बायका पाठीवर जळणाच्या पीटची टोपली घेऊन चालता चालता विणत. कमरेला घोड्याच्या केसांनी भरलेला, भोकं पाडलेला चामडी पट्टा असे. सुईचं टोक त्यात रोवलं की तिचा भार हातावर येत नसे. तरी नुसत्या पट्ट्याने ते साधलं नसतं. नजर वाटेवर ठेवून हात चालू शकतील, इतकं ते विणकाम अंगवळणी पडलेलं होतं.

मुंबईत किंवा कोकणात लोकरीचे मोजे घालणार कोण, असं कुणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे. सुती दोऱ्याने विणावं तर त्याला लोकरीसारखी लवचिकता नसते, मोजा चार दिवसांत घोट्यावर सैल पडतो. बाळाचं टोपडं मात्र सुतातही छान होतं. पण आपल्या हवेला मला त्याहून सोयीचे वाटतात ते सुती कापडाचे षट्कोन. कागदाचा षट्कोन कापायचा, त्यावर कापडाची कड दुमडून कच्च्या टाक्यांनी बसवायची आणि दोन तुकड्यांच्या कडा बारीक टाक्यांनी जोडत जायचं. गोधडी मांडीवर घेऊन कुणी गाडीत बसणार नाही, पण अशी जोडगोधडी तुकड्यातुकड्यांनी डब्यातून नेता येते. ही रीत जुनी आहे: इंग्लंडमध्ये 1718 साल घातलेलं एक रेशमी पांघरूण आहे, त्यात आतले कागद अजून तसेच आहेत. इथेही कापड बेतणं आणि रंगांची जुळणी घरचं. कच्चा टाका गाडीतला.

असलं एकसुरी काम कंटाळवाणं होतं, हेही खरं. पण प्रवासात डोकं अर्धं स्टेशनाकडे असतं. तिथे अवघड नक्षी काढून ती घरी उसवत बसण्यापेक्षा साधा टाका भरभर पुढे जातो, आणि नक्षीची हौस फिटायला घरी दुसरं काम असतंच की. त्यातून कामं वाढत जातात आणि एकही पुरं होत नाही, ही तक्रार मला जास्त गंभीर वाटते, कारण नवी सुरुवात फार मोहाची असते. त्यावर उपाय सुरुवातीतच करावा लागतो. मोजे विणायचे तर दोन्ही मोज्यांचे टाके एकदमच दोन सुयांवर घालून ठेवावेत, म्हणजे पहिला झाला तरी दुसऱ्याची सुरुवात झालेली असते. आणि षट्कोन कापायचे ते एका उशीच्या अभ्र्यापुरते. ते जोडून, पाठीमागचे कागद काढून, अस्तर लागेपर्यंत पुढच्या कापडाला कात्री लावू नये.