मुशीविना भट्टी

कोलोन स्टेशनातून सुटलेली लोकल लगेच ऱ्हाईनवरच्या होहेनझोलर्न पुलावर येते. पुलाच्या जाळीला प्रेमिकांनी इतकी कुलपं लटकवली आहेत की, शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत जन्म गेलेल्या माणसाला आधी त्यांचं वजन सुचतं. मागे कॅथेड्रलचे १५७ मीटरचे मनोरे. तिकडे सगळेच जातात. मी निघालो होतो पोर्झला, जर्मन अंतराळ संशोधन केंद्रात, भाचीची भट्टी बघायला.

पोर्झ-वानला उतरून बस धरली. फाटकावर पासपोर्ट दाखवला, गळ्यात बिल्ला अडकवला.

"भट्टी कुठाय गं?"

"ही काय, मामा." स्टीलच्या बंद पेटीला एक काच, आणि आत तांब्याच्या नळीचे जेमतेम बोटभर रुंद वेढे. नळीतून गार पाणी खेळतं. खालचे वेढे एका दिशेने, वरचे दोन उलट.

इंडक्शन फर्नेस आमच्याकडेही आहे, पण आमचा निम्मा जीव लायनिंगमध्ये, म्हणजे मुशीच्या अस्तरात अडकलेला असतो. रॅमिंग मास ठोका, चिरा बघा, रस गळाला तर पळा. टायटॅनियम, झिर्कोनियमसारखे धातू तर वितळले की मुशीलाच खातात आणि स्वतःही नासतात. इथे मूसच नाही. वेढ्यांतला उच्च वारंवारतेचा प्रवाह धातूत भोवरे-प्रवाह उठवतो. तेच धातू तापवतात आणि तेच त्याला चुंबकीय क्षेत्राबाहेर ढकलू बघतात. या ढकलण्यावर धातू तरंगतो. ऑटो मुक या संशोधकाने १९२३मध्येच याचं पेटंट घेतलं होतं.

निकेलची गोळी, वजन साधारण एक ग्रॅम. (आमच्या लॅडलमधून सांडतं त्याहून कमी!) पेटीत हवेऐवजी हेलियम. तिने बटण दाबलं, तशी गोळी थरथरत आधारावरून उठली, लाल झाली, पिवळी, मग डोळे दिपवणारी पांढरी. १४५५ अंशांना कडा वितळल्या आणि अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखा थेंब डुलू लागला. आतला रस भोवऱ्यांनी आपोआप घुसळला जातो, म्हणून मिश्रधातू करताना ढवळायची कटकट नाही.

जमिनीवर एक अडचण आहेच. उचलायला जोर लावला की थेंब तापतोही, म्हणून गार करायला त्याच्यावर हेलियमचा झोत सोडतात. तिनेही सोडला. तापमानाचा आकडा १४५५च्या खाली गेला, १३५०, १३००, तरी थेंब पातळच! ज्या मुशीच्या भिंतीवर पहिले स्फटिक धरायचे, ती भिंतच इथे नसते. मग एकाएकी लख्ख चमक उठली: थेंब गोठला आणि साठलेली उष्णता एका झटक्यात बाहेर पडली. मी "पुन्हा दाखव" म्हणालो, तिने दाखवलं.

असंच यंत्र २०१४पासून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातही आहे. तिथे धातू उचलून धरायला जोर लागत नाही, त्यामुळे झोताविनाही थेंब गार करता येतो. थेंब कसा डुलतो यावरून पृष्ठताण आणि चिकटपणा मोजतात, आणि हे आकडे ओतकामाच्या सिम्युलेशनमध्ये जातात.

इथे माझे कान टवकारले. आमच्याकडेही साच्यात रस कसा धावेल हे आता संगणकावर बघतात आणि आकडे कुणाच्या तरी जुन्या तक्त्यातून उचलतात.

"बिडाचे मोजलेत का?"

"मामा, इथंही गिऱ्हाईकच शोधताय होय?" म्हणत तिने मला कँटीनकडे पिटाळलं.